तिन्ही पाळ्यांचं घर

पहिली पाळी सहा ते दोन. दुसरी दोन ते दहा. तिसरी दहा ते सहा. जनरल म्हणजे नऊ ते साडेपाच, पण ती पाळी नव्हे, ती चैन.

*

हिमाचल म्हटलं की बार्शीतल्या बायकांना फक्त बर्फ दिसायचा. मामीने मला तीन स्वेटर दिले आणि म्हणाली, ‘तिकडं चुलीजवळनं हलायचं नाही बघ.’

*

औषधांच्या कारखान्यात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. जे लिहिलेलं नाही, ते घडलेलं नाही.

*

लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. नवरदेवाचे दोन मित्र माझ्या दोन बाजूंना. एकाने हात जोडलेत, तोंड उघडं आहे. फोटो निघाला तेव्हा तो म्हणत होता, ‘लवकर या हो वहिनी, मेसचं खाऊन खाऊन हाल होऊन राहिले आमचे.’ सगळे हसले. मीही हसलेय. दात दिसतात.

*

दुधाच्या दुकानापाशी एक अनोळखी बाई माझ्याकडे रोज अशी बघायची, जसं काही मी तिच्या घरातून काहीतरी उचलून आणलंय.

*

‘उजवा पाय, वहिनी! उजवा!’

एक मार्च, दोन हजार आठ. दोन दिवस रेल्वे, मग कालक्यापासून जीप. हिमाचलातल्या बद्दीत, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर, दारात, उंबऱ्यापलीकडे एक उभट प्लास्टिकचं भांडं ठेवलं होतं. बाजूने आकडे आणि रेघा. लॅबमधलं मोजपात्र. त्यात तांदूळ.

‘माप नव्हतं घरात,’ मंदार फडतरे म्हणाला. हा साताऱ्याचा. ‘मग बोंडेनं हे आणलं.’

‘बरोब्बर अडीचशे मिली आहे वहिनी,’ बोंडे म्हणाला. हा अमरावतीचा, फोटोतला हात जोडलेला. ‘चेक करून घ्या. मग म्हणाल, तांदूळ कमी भरला.’

मी बी.फार्म. पुण्याजवळच्या एका कंपनीत दोन वर्षं गोळ्या तपासलेल्या. मी खाली वाकून खरंच रेघ बघितली. अडीचशेच होते. चौघं हसलो. दोन हजार किलोमीटरवर, अनोळखी राज्यात, दोन परकी पोरं माझ्यासाठी तांदळाचं माप मांडून उभी होती. माझे डोळे भरून आले होते. हे मी नाकारणार नाही.

‘नाव घ्या, नाव! नाव घेतल्याशिवाय आत नाही.’

मी घेतलं. गाडीत सुचलं होतं.

‘बार्शी सोडली, बद्दी आली, वाट झाली लांब;
गिरीशराव म्हणतात, थोडं अजून थांब.’

‘वाऽऽ वहिनी!’

मापाला पाय लावला, तांदूळ सांडले, आत आले. खोल्या दोन. एका खोलीत दोन गाद्या, दोरीवर बनियन, कोपऱ्यात दोन ट्रंका. दुसरी आमची. मध्ये स्वयंपाकघर, एका माणसापुरतं.

‘हे दोघं?’ मी गिरीशला हळूच विचारलं.

‘आठ दिवसांत जातील. खोली बघतायत.’

‘वहिनी,’ बाहेरून बोंडे, ‘गरम पाणी लावलंय तुमच्यासाठी. आंघोळ करून घ्या निवांत.’ आणि मग, दारापासून दोन पावलं लांब गेल्यावर, ‘मग पिठलं तरी टाकता का? भूक लागून राहिली.’

पाऊण तासाने मी पिठलं टाकलं. सांडलेले तांदूळ मीच भरले. त्यांचाच भात केला.

*

पाळ्यांचं गणित कोणाला वरून कळत नाही, म्हणून सांगते. तिघं एकाच कंपनीत, पण वेगवेगळ्या विभागांत. गिरीशची आणि बोंडेची पाळी आठवड्याला बदलायची, मंदार कायम जनरलला. म्हणजे एक जण पहाटे सव्वापाचला डबा घेऊन निघणार. दुसऱ्याला साडेआठला. तिसरा तिसऱ्या पाळीहून सकाळी साडेसहाला येणार, नाश्ता करून झोपणार, दोनला उठून जेवणार. कोणी दुसऱ्या पाळीला असला तर त्याचं जेवण बाराला. पहिल्या पाळीचा माणूस अडीचला येणार, तेव्हा त्याला गरम. गॅस थंड व्हायला वेळच नव्हता. कारखाना तिघं मिळून चालवत होते, कारण तो तीन पाळ्यांत होता. घरही तीन पाळ्यांत होतं. तिथे कामाला एक होती.

आणि तिघंही गोड बोलायचे.

‘वहिनी, कालची आमटी काय झाली होती! माझ्या आईची आठवण आली.’

‘वहिनी, पोळ्या जरा लहान लाटा ना, डब्यात दुमडतात.’

‘अमरावतीत वहिनी म्हणजे आईच असते,’ बोंडे म्हणायचा. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा होता.

मी त्यांना भाऊजी म्हणत होते. नात्याचा शब्द मिळाला की माणूस पाहुणा राहत नाही आणि भाडेकरूही राहत नाही. त्याला ‘किती दिवस?’ असं विचारता येत नाही.

*

नोकरीचं लग्नाआधीच बोलणं झालं होतं. बघायला आले तेव्हा गिरीशने स्वतः माझ्या वडिलांना सांगितलं, ‘तिकडे कंपन्यांची रांग आहे. हिला महिन्याभरात लागेल.’ त्याच एका वाक्यावर मी पुण्यातली नोकरी सोडली. दुसऱ्या कुठल्याही वाक्यावर सोडली नसती.

सहा तारखेला, गुरुवारी, रस्त्यापलीकडच्या कंपनीत थेट मुलाखती होत्या. त्या आठवड्यात गिरीश तिसऱ्या पाळीला होता. न झोपता मला बाइकवर घेऊन गेला. गेटबाहेर चहाच्या टपरीवर दीड तास थांबला. हेही मी नाकारणार नाही.

आत सूद मॅडम होत्या. केस पांढरे, चष्मा दोरीला. त्यांनी चाळीस मिनिटं विचारलं आणि मला सगळं येत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, ‘तपासणी विभागात एकच जागा आहे. दोघींमध्ये ठरेल. फोन करू.’

माझा मोबाइल महाराष्ट्रातला. बद्दीत रोमिंगशिवाय तो नुसता घड्याळ होता. गिरीश टपरीवर म्हणाला होता, ‘माझा नंबर दे.’ मी दिला होता.

संध्याकाळी मी शिरा केला. तिघांनी दोनदा दोनदा घेतला. मग ते गच्चीवर गेले आणि मी कढई घासली.

त्यानंतर रोज, ‘फोन आला?’

‘नाही गं.’

‘आज?’

‘येईल. त्यांचं सावकाश असतं. सरकारी नसलं तरी हिमाचल आहे हे.’

आठ दिवस झाले होते, दहा झाले. खोलीचंही विचारलं.

‘बघतायत,’ गिरीश म्हणाला. ‘आत्ता आमचं ऑडिट आहे. परदेशी माणसं येणारेत तपासायला. त्यात कुठे खोली बदलायची?’

*

सतरा तारीख, सोमवार. दुधाच्या दुकानात सुटे नव्हते म्हणून मी थांबले होते. ती बाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. पन्नाशीची, सलवार-कमीज, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, हाताला हळदीचे डाग.

‘तूच ना ती? महाराष्ट्रवाली? वरच्या मजल्यावरची?’ हिंदीत, पण पहाडी हेलात.

‘हो.’

‘माझे तीन डबे बंद केलेस तू.’

मला कळलं नाही. मी म्हटलं, मी तर तुम्हाला ओळखत पण नाही.

‘मी बिमला. मेस माझी. अडीच वर्षं जेवली ती पोरं माझ्याकडे. एकाला कावीळ झाली तर दोन महिने बिनतेलाची भाजी करून दिली मी. आणि एक दिवस येऊन सांगतात, एक मार्चपासून बंद, भाभी येतेय.’

‘कधी सांगितलं?’

‘दहा फेब्रुवारी. त्या दिवशी माझ्या बहिणीकडे देवीचं जागरण होतं, म्हणून लक्षात आहे.’

माझं लग्न बावीस फेब्रुवारीला झालं.

म्हणजे माझ्या हाताला मेंदी लागायच्या आधी माझे हात वाटून झाले होते. हळद दळायला गेली नव्हती. बार्शीत वडील अजून मांडववाल्याशी घासाघीस करत होते आणि इकडे, हिमाचल प्रदेशात, मी तीन डब्यांच्या जागी रुजू झाले होते. खोली कोणी बघत नव्हतं. कधीच बघत नव्हतं.

बिमलाजी माझ्याकडे बघत होत्या. आता डोळ्यांत राग थोडा कमी होता.

‘तुला सांगितलं नव्हतं?’

‘नाही.’

‘हूं,’ त्या म्हणाल्या. ‘शिकलेली आहेस?’

‘औषधांचंच. समोरच्या कंपनीत मुलाखत दिलीय. फोनची वाट बघतेय.’

‘समोरच्या? माझी कमलेश तिथेच पॅकिंगला आहे.’ आणि त्या दुधाची पिशवी घेऊन निघून गेल्या.

त्या दिवशी मी गिरीशला बोलले. दुपारी, तो पहिल्या पाळीहून आल्यावर. मंदार तापाने घरी होता, पलीकडच्या खोलीत; त्याच्यासाठी मऊ भात वेगळा शिजत होता.

‘खोली बघतायत ना ते?’

‘परत तेच?’

‘मेस बंद करायचं दहा फेब्रुवारीलाच सांगितलंत तुम्ही.’

तो बूट काढत होता. एक बूट काढून झाल्यावर म्हणाला, ‘हळू बोल. आजारी माणूस आहे घरात.’

‘गिरीश.’

‘अगं, मित्र आहेत. अडीच वर्षं एकत्र काढली. लगेच हाकलू? चार पोळ्या जास्त टाकायच्या, तर तुला एवढं काय जड जातंय?’

‘सोळा. रोजच्या सोळा जास्त.’

‘मोजतेस?’ त्याने खरंच दुखावल्यासारखं बघितलं. ‘माणसाच्या तोंडातल्या पोळ्या मोजतेस तू?’

आणि मला लाज वाटली. तेवढं त्याला जमलं. मी ओट्याकडे वळले आणि मऊ भातात तूप घातलं.

*

एकोणीस तारीख, बुधवार, सकाळी पावणेदहा. बिमलाजी जिना चढून आल्या. धापा टाकत होत्या. दारातूनच म्हणाल्या, ‘कमलेशने विचारून आणलंय. ती जागा तुलाच दिली होती त्यांनी. तूच नाही म्हणालीस.’

‘मी?’

‘तुझ्याकडून नाही आलं असं म्हणतात.’

मी ओट्यावरचं पीठ तसंच ठेवलं. एक हात मळलेला होता, तो नळाखाली धरला. चप्पल घातली. बोंडे तिसऱ्या पाळीहून येऊन झोपला होता, त्याच्या घोरण्याचा आवाज येत होता. ‘भाऊजी, दार लावून घ्या,’ असं मी म्हणाले नाही.

गेटवर सुरक्षावाल्याने विचारलं, कोणाशी काम? मी म्हटलं, सूद मॅडम. वेळ घेतलीय? मी म्हटलं, हो. आयुष्यात पहिल्यांदा इतकं सहज खोटं बोलले.

सूद मॅडमनी मला ओळखलं आणि चष्मा काढला.

‘आप? आपने तो मना कर दिया था.’

‘मी नाही केलं.’

त्यांनी वाद घातला नाही. कपाटातून एक रजिस्टर काढलं, पान उलटलं, ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे फिरवलं. निळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात. नाव, प्रणिता इंगवले. पद. मग तारीख, अकरा मार्च. वेळ, बारा वाजून दहा मिनिटं. पुढे इंग्रजीत एक ओळ: उमेदवाराच्या पतीने कळवले की त्या सध्या घर लावत असल्याने इच्छुक नाहीत.

मी ती ओळ दोनदा वाचली. खाडाखोड नव्हती. खाली सही होती.

‘सोमवारी दुसरी मुलगी रुजू झाली,’ त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता, पण रजिस्टर त्यांनी लगेच मिटलं नाही. ‘सोलनची आहे. चांगली आहे. तुझ्याइतकी नाही.’

मी रजिस्टर मिटून त्यांच्याकडे सरकवलं.

‘कागदपत्रांच्या विभागात एक जागा आहे. ट्रेनी म्हणून. तुझ्या अनुभवाच्या दोन पायऱ्या खाली. नऊ ते साडेपाच. घेणार?’

‘घेते.’

‘नवऱ्याला विचारायचं असेल तर—’

‘घेते म्हटलं ना मॅडम.’

त्या पहिल्यांदा हसल्या. पेन माझ्यासमोर सरकवलं. ‘मग नंबर लिही. या वेळी स्वतःचा.’

मला स्वतःचा नंबर नव्हता. मी बिमलाजींच्या मेसचा लिहिला; तो त्यांच्या पाटीवर होता.

*

घरी पोचले तेव्हा पावणेतीन वाजले होते. गिरीश आला होता. बोंडे उठला होता. मंदारचा ताप उतरला होता. तिघं जमिनीवर बसले होते, पेपर अंथरून, मध्ये रिकामी ताटं. ताटं त्यांनी मांडली होती. तेवढं ते करायचे.

‘कुठे होतीस?’ गिरीश.

‘वहिनी, आम्ही घाबरलोच,’ मंदार. ‘पीठ तसंच, दार उघडं.’

‘जेवाचं काय करून राहिल्या वहिनी? साडेबारापासून जागा आहे मी,’ बोंडे.

मी त्यांच्यासमोर बसले. पिशवीतून डबा काढला, उघडला. राजमा, भात, मुळ्याचं लोणचं. खायला लागले.

राजमा गरम होता. अठरा दिवसांत मी पहिल्यांदा दुसऱ्या कोणी शिजवलेलं खात होते.

‘एकच आणला?’ बोंडे म्हणाला.

‘एकच.’

‘आणि आमचं?’

‘तुमचं बिमलाजींकडे. एक मार्चच्या आधी होतं तसं. सांगून आलेय, नको तर नको म्हणा.’

‘प्रणू, हे काय चाललंय?’ गिरीशचा आवाज चढला. ‘तीन माणसं उपाशी बसलीत आणि तू समोर बसून खातेस? काही रीत आहे की नाही?’

‘डेव्हिएशन झालंय,’ मी म्हणाले.

तिघंही थबकले. कारखान्यात हा शब्द ऐकला की माणूस सरळ बसतो. ठरल्यापेक्षा वेगळं काही घडलं की तो कागद भरावा लागतो: काय घडलं, कधी घडलं, मूळ कारण काय. आणि मूळ कारणाच्या रकान्यात ‘माणसाची चूक झाली’ असं लिहिलेलं कोणी घेत नाही. ‘का’ विचारत खाली खोदायला लावतात.

‘अकरा तारखेला कंपनीचा फोन आला. तू नाही सांगितलंस. का?’

गिरीशने आधी मंदारकडे बघितलं. तेवढ्यावरून मला निम्मं कळलं.

‘अगं, नाही म्हणजे, आत्ता नको म्हटलं. नंतर बघू.’

‘का?’

‘तू नुकती आलीस. दमली असतीस.’

‘का?’

‘पोलिसासारखं विचारू नकोस! घर लागायचं होतं अजून.’

‘कोणाचं?’

मंदार खाकरला. मंदार स्वभावाने भित्रा, आणि भित्री माणसं कधीकधी खरं बोलून मोकळी होतात.

‘वहिनी, आमचा यात काही संबंध नाही हं. तुम्ही शिरा केला होता ना, त्या दिवशी गच्चीवर गिऱ्यानंच विषय काढला. म्हणाला, हिला लागली तर जेवणाचं कसं? आम्ही आपलं एवढंच म्हणालो, ऑडिट होईपर्यंत थांबलं तर बरं.’

‘एवढंच ना,’ बोंडे म्हणाला. ‘आम्ही तर म्हटलं, वहिनीलाच विचार. हो ना बे, म्हटलं होतं ना?’

‘नव्हतं म्हटलं,’ मंदार म्हणाला.

गिरीश उठून उभा राहिला. ‘बार्शीला फोन लावू का? तुझ्या वडिलांना कळू दे, मुलगी कशी वागते ते.’

‘लाव. आणि रजिस्टरमध्ये काय लिहिलंय तेही सांग. विसरला असशील तर मला पाठ आहे.’

मोबाइल त्याच्या हातात होता. त्याने तो थोडा वेळ तसाच धरला. मग खिशात ठेवला.

मी डबा संपवला. बोटं चाटली. डबा घासला, एकच. मळलेलं पीठ सकाळपासून ओट्यावर वाळून त्याला पापुद्रा आला होता. ते मी तसंच राहू दिलं. चोवीस तारखेला मी रुजू झाले.

*

मागच्या महिन्यात अमरावतीला बोंडेच्या घराची वास्तुशांत होती. आम्ही गेलो. मंदारही आला होता, आता टक्कल पडलेला, बायको-मुलांसकट. जेवणाच्या पंगतीत नेहमीप्रमाणे तो किस्सा निघाला. निघतोच. सतरा वर्षं निघतोय.

‘वहिनींनी आम्हाला उपाशी बसवून समोर राजमा खाल्ला होता,’ बोंडे सगळ्यांना सांगत होता. ‘अन् डेव्हिएशन काढलं आमच्यावर! दुसऱ्या दिवशी खोली शोधली आम्ही. पळालो ना भाऊ जीव घेऊन.’

लोक हसून हसून लाल झाले. बोंडेच्या बायकोला ठसका लागला.

‘पण हिला नोकरी मीच मिळवून दिली हं,’ गिरीश म्हणाला. ‘तिसरी पाळी करून, न झोपता, बाइकवर घेऊन गेलो होतो मुलाखतीला. विचारा तिला.’

‘खरं?’ मंदारच्या मुलीने मला विचारलं. ती बारावीला आहे. तिला फार्मसीला जायचंय.

‘खरं आहे,’ मी म्हणाले. कारण ते खरं आहे. आणि कारण पंगतीत सतरा माणसं होती, पुरणपोळी वाढत होते, आणि घर बोंडेचं होतं. त्या मुलीने मान डोलावली आणि गिरीशकडे कौतुकाने बघितलं.

रजिस्टरमधली ती ओळ कोणी सांगत नाही. गच्ची कोणी सांगत नाही. किस्सा राजम्यापासून सुरू होतो. त्याच्या आधीचं काही लिहिलेलं नाही म्हणून मी हे लिहिलं.

अकरा मार्चला, मंगळवारी, बारा वाजून दहा मिनिटांनी गिरीश दुसऱ्या पाळीला जाण्याआधी जेवत होता. मोबाइल वाजला; ऑडिटचं काही असेल, असं मला वाटलं. तो त्याने डाव्या हाताने कानाला लावला, ‘जी मॅडम, नहीं मॅडम’ म्हणाला, आणि उजव्या हाताचं एक बोट मला दाखवलं. मी तव्यावरची पोळी त्याच्या ताटात वाढली.